दवाखान्याला पैसा कोणाचा? जालन्यापासून जामखेडपर्यंत

जालना शहराजवळ बेथेल नावाचे गाव आहे. नाव बायबलमधले, हिब्रू भाषेत त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद अशा नावांच्या शेजारी हे नाव कसे येऊन बसले, याची कथा वरवर धर्मांतराची वाटते. प्रत्यक्षात ती वर्गणीचीही कथा आहे. दूरच्या, गरीब गावांसाठी शाळा, वसाहत किंवा दवाखाना उभारायचा तर पैसा कोणापुढे मागायचा, तो कसा मागायचा आणि देणाऱ्याला त्या बदल्यात काय द्यावे लागते, हा प्रश्न मराठवाड्यात दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. हा धागा त्याच प्रश्नाचा.

१८४३ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी दोन दूरच्या शहरांत दोन घटना घडल्या.

पहिली एडिनबरोत. १८ मे १८४३ रोजी स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून शेकडो पाद्री बाहेर पडले. गावच्या चर्चसाठी पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की गावकऱ्यांनी, हा वादाचा मुद्दा होता. साडेचारशेहून अधिक पाद्र्यांनी पगार, राहते घर आणि चर्चची इमारत यांवर पाणी सोडले आणि ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ स्थापन केले. तत्त्व राहिले, पण खायचे काय? याचे उत्तर थॉमस चामर्स या धर्मशास्त्रज्ञाने आधीच तयार ठेवले होते : आठवड्याला एक पेनी. श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीवर विसंबण्यापेक्षा हजारो गरिबांनी दर आठवड्याला एक पेनी द्यावी, ती गोळा करायला घरोघरी माणसे फिरावीत, सर्व रक्कम एका मध्यवर्ती निधीत जावी आणि तेथून श्रीमंत व गरीब अशा दोन्ही भागांतील पाद्र्यांना वाटली जावी.

थोडा हिशेब करून पाहावा. त्या काळी २४० पेनींचा एक पौंड होत असे. आठवड्याला एक पेनी देणारा माणूस वर्षाकाठी ५२ पेनी, म्हणजे पाव पौंडही देत नसे. या योजनेचे बळ रकमेत नव्हते, ते नियमितपणात होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी घटना मुंबईतली. भारतात काम करणारे स्कॉटिश मिशनरी जवळजवळ एकमताने नव्या फ्री चर्चमध्ये गेले होते. त्यांच्या मुंबईतील शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. त्याच्या ताब्याचा वाद मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी जी खटपट केली, ती मराठी वाचकाला परिचित आहे. श्रीपतच्या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. मोठा भाऊ मात्र पाठ्यपुस्तकांतून निसटला.

१८६०च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला गेले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. कुंडलिका नदीकाठची मोठी बाजारपेठ, शेजारी लष्करी छावणी, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मिरवणारा व्यापारी वर्ग. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. पालना सोन्याचा होता, यात वाद नाही; पण त्यात कोण निजले होते, हे विचारले पाहिजे. शेषाद्रींच्या मागे जी माणसे आली ती मुख्यतः आसपासच्या गावांतील मांग आणि महार कुटुंबे होती. धर्म बदलला तरी गावचे पाणी बंदच राहिले; उलट हक्काची कामे आणि बलुतेही धोक्यात आले. त्यांना उभे राहायला जमीन हवी होती.

ती निजाम सरकारने दिली. सालारजंग तेव्हा दिवाण होते. अशा प्रकारे एका मुस्लिम संस्थानाने, एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांच्या वसाहतीसाठी जमीन दिली आणि तिचे नाव बेथेल झाले. धर्म आणि जात यांचे आपले ठोकळेबाज तक्ते घेऊन एकोणिसाव्या शतकात शिरले की अशी अडचण होते.

जमीन मिळाली, पण विहिरी, घरे, शाळा यांना पैसा हवा होता. त्यासाठी शेषाद्रींना समुद्र ओलांडावा लागला. १८७३च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तिच्यापुढे डोक्याला फेटा बांधलेले शेषाद्री उभे राहिले. जे श्रोते मांग आणि महार हे शब्दही प्रथमच ऐकत होते, त्यांच्यापुढे हा माणूस मराठी मुलखातल्या कामाविषयी इंग्रजीत बोलत होता. पुढेही त्यांचा प्रवास थांबला नाही. १८९१ साली असाच परदेश प्रवास चालू असताना त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतल्या पैशाचा विषय निघाला म्हणून एक जुनी जखम सांगितली पाहिजे. फ्री चर्च स्थापन होताच त्याचे प्रतिनिधी १८४४ साली अमेरिकेत मदत मागायला गेले होते. दक्षिणेतील राज्यांतूनही पैसा मिळाला. एकूण सुमारे ३,००० पौंड असे या रकमेविषयी बोलले जाई. पेनीत सांगायचे तर ७ लाख २० हजार. जवळजवळ चौदा हजार माणसांनी वर्षभर, दर आठवड्याला, न चुकता पेनी दिली असती तेव्हा एवढी रक्कम जमली असती. ती काही सभांत हाती आली, कारण देणाऱ्यांमध्ये गुलामांचे मालक होते. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून निसटलेला होता, स्कॉटलंडभर व्याख्याने देत फिरला. ‘पैसा परत पाठवा’ ही त्याची घोषणा गावोगावच्या भिंतींवर उमटली. फ्री चर्चने पैसा परत पाठवला नाही. ‘देणगी स्वीकारणे म्हणजे गुलामगिरीला संमती देणे नव्हे’, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद आजही प्रत्येक निधी संकलकाच्या ओठांवर असतो. त्यात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येत नाही; पण डग्लसला त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले असेही म्हणता येत नाही.

आता दवाखान्याकडे वळू. मिशनचे लोक गावात शिरताना प्रथम पुस्तक नेत, नंतर औषधाची पेटी. १८४१ साली एडिनबरोत वैद्यकीय मिशनसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती आणि शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टर असलेला मिशनरी हा वर्गणी मागण्याच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी माणूस ठरला. कारण साधे होते. ग्लासगोच्या गिरणी कामगाराला हिंदू-ख्रिस्ती तत्त्ववाद कळत नसे. पण आजारी मूल कळत असे. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या आधाराने सुरू झाले आणि पुढे दक्षिण महाराष्ट्राचे आरोग्यकेंद्रच बनले. जालन्यातही मिशनचे रुग्णालय उभे राहिले. ‘जालना मिशन हॉस्पिटल’ हे नाव आजही शहरात ओळखीचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे, कारण साधनांचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील जालन्याच्या दलित कुटुंबांविषयी जे लिखित साहित्य मिळते, त्याचा मोठा भाग मिशनचे अहवाल आणि मिशनच्या मासिकांतील पत्रे यांत आहे. हे अहवाल कोणासाठी लिहिले गेले? वर्गणीदारांसाठी. त्यांत दुष्काळ, रोग, अज्ञान ठळक येते. कृतज्ञ रुग्ण येतो. पण औषध नाकारणारा, मिशनशी मजुरीवरून भांडणारा, आपल्या वैदूकडे परत जाणारा माणूस क्वचित येतो, आणि आला तरी ‘अडचणी’ या सदराखाली. ही माहिती खोटी असते असे नव्हे. ती मागणी अर्जातली माहिती असते. अर्जदार आपल्या घराचे वर्णन जसे करतो तसे तो शेजाऱ्याजवळ करत नाही. मराठवाड्यातील गरिबांचा लिखित इतिहास पुष्कळ अंशी असा, दुसऱ्याने त्यांच्या वतीने लिहिलेल्या अर्जांतून तयार झाला आहे.

इमारतीची दुसरी अडचण पैशाच्याच स्वरूपात होती. कोनशिलेवर नाव कोरता येते, म्हणून इमारतीला देणगीदार मिळतो. दर महिन्याच्या टिंक्चरला, परिचारिकेच्या पगाराला, कंदिलाच्या तेलाला कोनशिला नसते. म्हणून रुग्णालय शहरात उभे राही, आणि मंठ्याच्या पलीकडच्या गावातील बाळंतीण बैलगाडीत घालून आणेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशन मंडळे हळूहळू मागे सरली, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. इमारती भारतीय चर्चकडे आल्या. त्यांच्यामागची पेनी आली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि जालना मिशन हॉस्पिटलसारखी अनेक रुग्णालये त्या छत्राखाली आली.

हा पेच केवळ जालन्याचा नव्हता. १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हा येथे ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. आफ्रिका-आशियातील मिशन रुग्णालयांची पाहणी करून तो एका अप्रिय निष्कर्षाला आला : जवळजवळ सर्व पैसा रुग्णालयाच्या भिंतींच्या आत, आजार झाल्यानंतरच्या उपचारांवर खर्च होत होता, आणि भिंतीबाहेरची बहुसंख्य माणसे जिथल्या तिथे होती. आयोगाला आता इमारतींपेक्षा वेगळे काही हवे होते. ते त्याला जालन्याच्या दक्षिणेला, बीड जिल्हा ओलांडल्यावर लागणाऱ्या, तितक्याच कोरड्या एका तालुक्यात सापडले.

जामखेड. अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, आग्नेय टोक. १९७०च्या सप्टेंबरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेथे पोहोचले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. त्याआधी त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. तेथे त्यांना दिसलेले चित्र सोपे आणि निराश करणारे होते : जुलाबाने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे, आणि काही आठवड्यांनी तेच मूल त्याच आजाराने परत यावे, कारण घरी पाणी तेच होते. अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि वैद्यकशास्त्राचे पुढचे शिक्षण घेऊन ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. कार्ल टेलर त्यांचे अध्यापक. तेथेच प्रकल्पाचा आराखडा कागदावर उतरला आणि जिनिव्हाच्या आयोगाने त्याला आधार दिला.

म्हणजे पैसा येथेही बाहेरूनच आला. ही गोष्ट जामखेडच्या गौरवकथांत कधी कधी गाळली जाते. ती गाळू नये. फरक पैशाच्या उगमात नव्हता. फरक गावाकडून काय मागितले गेले यात होता. आरोळे दाम्पत्याने जागा गावकऱ्यांकडून मागितली. गावच्या पुढाऱ्यांनी दिली ती एक वापरात नसलेली, गुरांच्या दवाखान्याची जुनी जागा. जेथे पूर्वी बैलांवर उपचार होत, तेथे माणसांचा दवाखाना सुरू झाला. कोनशिला बसवावी असे त्या वास्तूत काही नव्हते.

पहिल्या टप्प्यात सुमारे तीस गावे आणि चाळीस हजार लोकसंख्या हे कार्यक्षेत्र ठरले. आणि लगेच दुष्काळ पडला. १९७० ते १९७३ या काळातला तो दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात ‘बहात्तरचा’ म्हणून राहिला आहे. जालना, बीड, अहमदनगर सगळेच होरपळले. लोकांना विचारले तेव्हा त्यांनी दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितले. आरोग्यासाठी आलेला पैसा मग कूपनलिका खोदण्याकडे वळवावा लागला. देणगीदाराच्या कागदावर ‘आरोग्य’ या शीर्षकाखाली विहीर बसवणे सोपे नसते. येथे ते बसले, कारण आयोगाला नेमके हेच पाहायचे होते.

कूपनलिका कोठे घ्यायची? हा प्रश्न भूगर्भाचा वाटतो, पण गावात तो जातीचा असतो. पाणी सवर्ण आळीत लागले की दलित बाईने दूर उभे राहून कोणी वाढेपर्यंत वाट पाहायची, ही शतकांची रीत. आरोळ्यांनी जागा निवडताना दलित वस्तीला झुकते माप दिले. हातपंपातून पाणी आले, आणि दुष्काळाच्या दिवसांत बाकीच्या गावाला त्या वस्तीत घागर घेऊन जावे लागले. बेथेलमध्ये शंभर वर्षांपूर्वी पाण्यासाठी गावाबाहेर नवी वसाहत करावी लागली होती. येथे पंपाच्या जागेने गावालाच वस्तीत आणले. कोणतेही भाषण झाले नाही. तहान पुरेशी होती.

खरा पेच पुढे होता. गावोगाव राहायला परिचारिका तयार होईनात. शिकलेली, शहरातून आलेली तरुणी एकटी खेड्यात राहावी कशी? तेव्हा १९७२च्या सुमारास गावातल्याच बायकांना शिकवावे असे ठरले. गावाने निवड करावी, असा नियम. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या; काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवले जाई : हात धुणे, नाळ स्वच्छ पात्याने कापणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, मुलाचे वजन घेणे, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे. वेगवेगळ्या जातींच्या या बायका तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. पहिल्या आठवड्यांत हे अवघड गेले, आणि प्रशिक्षणाचा तो भाग कोणत्याही पुस्तकात नव्हता.

डॉक्टर मंडळींना हे पटायला वेळ लागला. निरक्षर बाईच्या हाती बाळंतपण द्यायचे? पण बाळंतपण तिच्याच हाती होते, पिढ्यान्‌पिढ्या. बदल इतकाच झाला की तिच्या हाताला साबण लागला आणि तिच्या शब्दाला गावात वजन आले.

आकड्यांकडे पाहावे. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ साली हा आकडा ५२ झाला. साडेपाच-सहा बाळांतले एक, हे प्रमाण सुमारे एकोणीस बाळांतले एक इतके खाली आले, आणि तेही पाच वर्षांत, ज्यांतली पहिली दोन-तीन दुष्काळाची होती. मिशनच्या अहवालांविषयी वर जी सावधगिरी सुचवली ती येथेही बाळगावी. हेही आकडे प्रकल्पानेच मोजलेले आहेत आणि देणगीदारापुढे ठेवलेले आहेत. परंतु येथे घरोघरी मोजणी होत होती, जन्म आणि मृत्यू ठाऊक असणारी बाई त्याच गावातली होती, आणि मेलेले मूल गावापासून लपत नाही.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्य प्रयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जामखेडचा लेख होता. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला तेव्हा ज्या थोड्या प्रयोगांकडे जगाचे लक्ष होते, त्यांत हा एक. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातलीच स्त्री आरोग्यसेविका व्हावी, ही कल्पना २००५ नंतर ‘आशा’ या नावाने देशभर गेली. जालन्याच्या गावांतही आज आशाताई आहे. तिचे मानधन हा मात्र सतत चाललेल्या आंदोलनांचा विषय आहे. इमारतीला पैसा मिळतो, पण दर महिन्याच्या हाताला मिळत नाही, ही चामर्सने १८४३ साली ओळखलेली अडचण सरकारी योजनेतही सुटलेली नाही.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. प्रकल्प चालू आहे.

१८७३ साली न्यूयॉर्कच्या सभागृहात नारायण शेषाद्री बोलत होते तेव्हा ज्यांच्याविषयी ते बोलत होते त्या बेथेलच्या मांग-महार बायकांपैकी कोणीही तेथे नव्हती. त्यांचे म्हणणे काय होते, याचा एकही कागद सहज हाती लागत नाही. त्यानंतर शतकभराने वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मुक्ताबाई पोल नावाच्या जामखेडच्या आरोग्यसेविका व्यासपीठावर गेल्या. समोर तज्ज्ञ होते, अधिकारी होते, देणगी देणाऱ्या संस्थांचे लोक होते. गावात आपण काय करतो, हे त्यांनी स्वतः सांगितले.